खेकड्याचे घ्राणतंत्र : प्रस्तावना

खेकड्याला भोवतालची खबर बहुतेक वेळा वासानेच लागते. तो बाहेर पडतो रात्री, राहतो बिळात आणि वावरतो पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात. अशा ठिकाणी डोळे फारसे कामाला येत नाहीत. खाण्याजोगे काही जवळ पडले आहे का, जोडीदार कुठे आहे, आपल्याच जातीचा कोणी जखमी झाला आहे का, हे त्याला पाण्यात विरघळलेल्या रेणूंवरून कळते. या रेणूंचे विद्युतसंदेश कसे होतात, ते मेंदूच्या कोणत्या भागात पोचतात, तिथे त्यांची छाननी कशी होते आणि शेवटी पाय कोणत्या दिशेला वळतात, हा कवचधर प्राण्यांच्या घ्राणतंत्राचा विषय आहे. खेकडे, कोळंबी, शेवंड, गोड्या पाण्यातले क्रेफिश आणि जमिनीवर राहणारे काही शंखवासी खेकडे या सर्वांत या तंत्राचा मूळ आराखडा एकच आहे.

अशा खेकड्यांचे एक जवळचे उदाहरण शिरूर तालुक्यातील निमोणे परिसरात मिळते. हा परिसर घोड नदीच्या खोऱ्यात येतो. नदी, चिंचणीचे घोड धरण, कालवे, ओढे आणि ओलिताखालच्या शेतांचे बांध ही या भागातली खेकड्यांची घरे. दख्खनच्या पठारावर सर्रास आढळणाऱ्या गोड्या पाण्यातील खेकड्याचे शास्त्रीय नाव बॅरिटेलफुसा क्युनिक्युलॅरिस असे आहे. ही जात शास्त्राच्या नोंदीत आली ती दख्खनमुळेच. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी अहवालासाठी नेमणूक केली होती. त्या काळात त्यांनी दख्खनमधील आणि सह्याद्रीच्या पठारांवरील जमिनीत बिळे करणाऱ्या खेकड्यांची निरीक्षणे केली. ती १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात लेखरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्याच लेखात जॉन वेस्टवुड यांनी या जातीला नाव दिले. पुढे १९७०च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम आणि ए. डी. दिवाण यांनी याच खेकड्याच्या प्रजननचक्रावर आणि संप्रेरके स्रवणाऱ्या चेतापेशींवर काम केले. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रातून सह्याद्रीतील खेकड्यांच्या नव्या जातींची वर्णने अलीकडच्या काळातही प्रसिद्ध झाली आहेत.

खेकड्याच्या घ्राणशक्तीचा सर्वांत साधा पुरावा ग्रामीण महाराष्ट्रात पावसाळ्याच्या दिवसांत कोणत्याही ओढ्यावर मिळतो. खेकडे धरणारे काठीच्या टोकाला कोंबडीचे आतडे किंवा गांडूळ बांधतात आणि ते बिळाच्या तोंडाशी पाण्यात धरून ठेवतात. थोड्या वेळाने बिळाच्या तोंडाशी नांग्या दिसतात, मग खेकडा पुढे सरकतो आणि आमिष घट्ट पकडतो. आत बसलेल्या खेकड्याला आतडे दिसलेले नसते. त्याच्यापर्यंत पोचतात ती मांसातून पाझरणारी अमिनो आम्ले, न्यूक्लिओटाइडे, टॉरीन आणि बीटेन यांसारखी लहान रेणूंची संयुगे. प्रयोगशाळेत ही संयुगे शुद्ध स्वरूपात पाण्यात सोडली तरी कवचधर प्राणी अन्न शोधू लागतात.

वास पाण्यातून पसरतो त्याची तऱ्हा आधी लक्षात घ्यावी लागते, कारण पुढची सगळी रचना तिच्याशी जुळवून घेतलेली आहे. वाहत्या पाण्यात वासाचा गुळगुळीत ढग तयार होत नाही. प्रवाहातील भोवरे त्याच्या पातळ धाग्यांत चिंध्या करतात. एका क्षणी प्राण्याच्या अंगावरून दाट वासाचा धागा जातो, दुसऱ्या क्षणी स्वच्छ पाणी. ‘इथे वास जास्त, तिथे कमी’ असा सरळ उतार प्राण्याला मिळत नाही. मिळतात त्या मधूनमधून येणाऱ्या, कमीअधिक तीव्रतेच्या, तुटक खुणा. कवचधरांच्या मेंदूला या तुटक खुणांवरून दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : पदार्थ कोणता, आणि तो कोणत्या दिशेला. या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी, मोजक्या चेतापेशींत काढली जातात, हे या तंत्राचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे.

कवचधरांच्या डोक्यावर शृंगिकांच्या दोन जोड्या असतात. त्यांतली पहिली, आखूड जोडी म्हणजे लघुशृंगिका, आणि खरे नाक हेच. खेकड्यात ती दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळपट्टीखालच्या खोबणीत दुमडलेली असते. पाण्यात खेकडा शांत बसला असेल तर ती बाहेर येऊन झटकन खाली आपटताना दिसते. प्रत्येक लघुशृंगिकेला दोन फाटे असतात आणि बाहेरच्या फाट्यावर पातळ भिंतीच्या, पोकळ रोमांचा झुबका असतो. हे घ्राणरोम. कॅरिबियन समुद्रातील पॅन्युलिरस आर्गस या शेवंडाच्या एका लघुशृंगिकेवर असे हजाराहून अधिक रोम असतात आणि प्रत्येक रोमात सुमारे ३०० घ्राणपेशींचे तंतू शिरलेले असतात. म्हणजे एका बाजूच्या नाकात तीन लाखांहून जास्त पेशी. या शेवंडावर, अमेरिकन लॉबस्टरवर आणि क्रेफिशवर घ्राणाचे सर्वाधिक बारकाईचे प्रयोग झाले आहेत. खेकड्याच्या घ्राणतंत्राची पुष्कळशी समजूत त्यांच्याशी केलेल्या तुलनेतून आली आहे.

लघुशृंगिकेचे झटकणे म्हणजे खेकड्याचे हुंगणे. घ्राणरोम इतके दाटीने उभे असतात की पाणी सावकाश सरकत असेल तर ते त्यांच्या फटींत शिरतच नाही, झुबक्याला वळसा घालून निघून जाते. झटक्याचा खाली येणारा भाग वेगवान असतो. तेव्हा फटींतले जुने पाणी बाहेर फेकले जाते आणि नवे आत शिरते. वर जाणारा भाग संथ असतो, त्यामुळे आत आलेला नमुना पुढच्या झटक्यापर्यंत तसाच अडकून राहतो आणि रेणूंना रोमाच्या भिंतीतून झिरपायला वेळ मिळतो. मिमी कोल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की शेवंडाचा प्रत्येक झटका पाण्यातील वासाच्या धाग्यांचा एक स्वतंत्र, स्पष्ट नमुना पकडतो. मेंदूकडे जाणारी माहिती अशी मुळातच एकामागून एक येणाऱ्या वेगळ्या नमुन्यांची असते. रोमांवर गाळ बसला तर नमुना बिघडतो. म्हणून कवचधर आपल्या लघुशृंगिका तोंडाजवळच्या जंभपादांत धरून वरचेवर पुसून काढतात.

घ्राणरोमाच्या आत ज्या शाखा असतात त्यांच्या आवरणावर ग्राहक प्रथिने असतात. कीटकांमध्ये घ्राणाचे बरेच काम करणारे ग्राहक प्रथिनांचे कुटुंब कवचधरांत नाही. ‘डॅफ्निया’ या पाणपिसवेची जनुकसंहिता तपासताना हे प्रथम ध्यानात आले. कवचधर प्रामुख्याने आयनोट्रॉपिक ग्राहक या दुसऱ्या, फार जुन्या कुटुंबावर अवलंबून असतात. ही प्रथिने चेतापेशींतील ग्लुटामेट ग्राहकांच्या जवळची आहेत. शेवंडाच्या घ्राणपेशीत विशिष्ट वासाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाबरोबर सर्वांना सामाईक असे सहग्राहकही असतात.

रेणू ग्राहकाला चिकटला की पेशीच्या विद्युतदाबात बदल होतो, पण तो नेहमी एकाच दिशेचा नसतो. एखादे अमिनो आम्ल पेशीला चेतवते, तर दुसरा पदार्थ त्याच पेशीला शांत करतो. नैसर्गिक वास हे मिश्रणच असते. त्यामुळे मिश्रणातील घटकांची वजाबाकी नाकापासूनच सुरू होते, आणि मिश्रणाचा प्रतिसाद म्हणजे घटकांच्या प्रतिसादांची केवळ बेरीज नसते.

घ्राणपेशींत दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारच्या पेशी वास लागताच स्पंदे सोडतात आणि वासाची तीव्रता वाढली की स्पंदे वाढवतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी वास नसतानाही आपापल्या ठेक्याने थोड्या थोड्या वेळाने स्पंदांचे झुबके सोडत असतात. फ्लोरिडा विद्यापीठात बॅरी एश आणि युरी बोबकोव्ह यांनी शेवंडात या पेशींचा माग काढला. अशा पेशीला वासाचा धागा कधी लागतो यावर तिचा प्रतिसाद ठरतो. नुकताच झुबका सोडून झाला असेल तर ती गप्प राहते. बराच वेळ गेला असेल तर लगेच नवा झुबका सोडते. प्रत्येक पेशीचा ठेका वेगळा असल्याने अशा अनेक पेशी मिळून ‘मागचा वास लागून किती वेळ झाला’ याचे माप मेंदूला देतात. वासाचा उगम जवळ येत जातो तसे धागे अधिक वारंवार लागतात. त्यामुळे वेळेचे हे माप अंतर आणि दिशा शोधायला उपयोगी पडते. रासायनिक ज्ञानेंद्रियातच घड्याळ बसवलेले असावे, हे प्राणिसृष्टीतील चेतासंस्थेच्या अभ्यासाला मिळालेले एक मोठे देणे आहे.

गोड्या पाण्यात या पेशींपुढे आणखी एक अडचण असते. समुद्राच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. नदीत ते फार थोडे. विद्युतसंदेशाला तर आयने लागतातच. कॅलिनेक्टिस सॅपिडस हा खेकडा समुद्रात आणि नदीमुखाच्या गोड्या पाण्यातही राहतो. रिचर्ड ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवले की कमी खाऱ्या पाण्यात गेल्यावर या खेकड्याच्या घ्राणरोमातील पेशींच्या बाह्यशाखा आखूड होतात. शरीरातील क्षारयुक्त द्रवाचा आधार मिळेल इतपत त्या मागे सरतात. घोडसारख्या नदीतील खेकड्यांचे पूर्वज समुद्रातून गोड्या पाण्यात आले आणि त्यांना क्षारांच्या या टंचाईवर कायमचा उपाय करावा लागला.

घ्राणपेशींचे अक्षतंतू लघुशृंगिकेच्या चेतेतून मेंदूत शिरतात. कवचधरांचा मेंदू अन्ननलिकेच्या वर असतो आणि त्याचे अग्र, मध्य व पश्च असे तीन भाग पडतात. मध्य भागात दोन्ही बाजूंना एकेक घ्राणखंड आहे. घ्राणखंडाच्या परिघावर ग्लोमेरुलस नावाच्या निमुळत्या गुच्छिका ओळीने उभ्या असतात. त्यांची रुंद टोके बाहेर आणि अरुंद टोके आत, जणू लसणाच्या गड्ड्यातील पाकळ्या. काही जातींत त्यांची संख्या दोनअडीचशे असते, तर पॅन्युलिरस आर्गसमध्ये हजाराच्या वर जाते. घ्राणपेशींचे तंतू बाहेरच्या टोपीसारख्या थरात येऊन संपतात. पुढची देवाणघेवाण मधल्या आणि तळच्या थरांत चालते.

या गुच्छिकांत तीन प्रकारच्या पेशी एकत्र येतात. पहिल्या म्हणजे बाहेरून आलेल्या घ्राणपेशी. दुसऱ्या स्थानिक पेशी. यांचे तंतू घ्राणखंडाबाहेर जात नाहीत. तिसऱ्या प्रक्षेपक पेशी, ज्या निर्णयकेंद्रांकडे संदेश नेतात. स्थानिक पेशींचे मुख्य काम दडपण्याचे आहे. शेवंडात गॅबा आणि हिस्टामीन ही रसायने वापरून त्या घ्राणपेशीच्या टोकालाच आवर घालतात. संदेश पुढच्या पेशीला पोचण्याआधीच त्याचा जोर कमी होतो. वास फार दाट असला तरी पुढचे तंत्र गुदमरत नाही आणि दोन जवळच्या वासांतला फरक उठून दिसतो. छाननी याचा अर्थ इथे मुख्यतः नेमकेपणाने गप्प करणे असा आहे.

प्रक्षेपक पेशींत कीटक आणि कवचधर यांच्यातला एक मोठा भेद दिसतो. कीटकात बहुतेक प्रक्षेपक पेशी एकाच गुच्छिकेतून माहिती घेतात. शेवंड आणि क्रेफिशमध्ये एकेका प्रक्षेपक पेशीच्या फांद्या अनेक गुच्छिकांत पसरलेल्या असतात. म्हणजे इथे वासाची ओळख एखाद्या गुच्छिकेच्या नावावर टाकता येत नाही. ती अनेक गुच्छिकांच्या एकत्रित चित्रातून वाचली जाते.

घ्राणखंडात एक पेशी विशेष लक्ष वेधते. लॉबस्टर आणि क्रेफिशच्या मेंदूत प्रत्येक बाजूला एकच ‘पृष्ठीय महापेशी’ असते. तिचे शरीर मेंदूतील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक असते आणि फांद्या साऱ्या घ्राणखंडभर पसरतात. तिचे रसायन सेरोटोनिन. डेव्हिड आणि रेनाटे सँडमन यांनी तिची रचना उलगडून दाखवली. एकच पेशी साऱ्या गुच्छिकांना एका वेळी सेरोटोनिन पुरवते, तेव्हा घ्राणखंडाची संपूर्ण संवेदनक्षमता एकदम वरखाली होऊ शकते. प्राणी भुकेला आहे की तृप्त, सावध आहे की निवांत, यानुसार तोच वास वेगळा मोजला जाण्याची सोय अशा पेशींमुळे होते.

लॉबस्टर आणि क्रेफिशमध्ये घ्राणखंडाशेजारी साहाय्यक खंड असतो. त्याला नाकाकडून थेट संदेश येत नाही. घ्राणखंडातून, दृष्टीतून आणि स्पर्शातून आलेली माहिती तिथे एकत्र होते. खऱ्या खेकड्यांत हा खंड लहान राहिला आहे. हा फरक दाखवतो की दशपाद प्राण्यांनी वास आणि इतर संवेदना एकत्र करण्याचे काम वेगवेगळ्या जागी सोपवले आहे.

प्रक्षेपक पेशींचे अक्षतंतू मेंदूच्या मध्यरेषेवर एकमेकांना छेदतात आणि दोन्ही बाजूंच्या अग्र भागाकडे जातात. या अग्र भागाचा बाजूकडचा हिस्सा डोळ्यांच्या देठात असतो. म्हणजे खेकड्याच्या वासाचा सर्वांत वरचा टप्पा त्याच्या नेत्रवृंतात आहे. तिथे अर्धलंबगोल पिंड नावाची रचना असते. इटलीतील जुझेप्पे बेल्लोन्ची यांनी १८८२ मध्ये स्क्विला या प्राण्यात तिचे वर्णन केले होते. डाव्या-उजव्या नाकाचे संदेश इथे तुलनेला ठेवता येतात, शिवाय स्पर्श आणि दृष्टीही येऊन मिळतात. निकोलस स्ट्रॉसफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की ही रचना कीटकांच्या मेंदूतील छत्रपिंडांशी एकाच उगमाची आहे. अर्जेंटिनातील निओहेलीसे ग्रॅन्युलाटा या खेकड्यावर अलेहांद्रो डेलोरेन्झी यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की हे केंद्र स्मृतीशी जोडलेले आहे. खेकडा धोका लक्षात ठेवतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

घ्राणखंडाचे हे वर्णन म्हणजे रासायनिक संवेदनेचा एकच रस्ता. खेकड्याचे पाय, तोंडाजवळचे अवयव आणि दुसऱ्या शृंगिका यांच्यावरही रासायनिक आणि स्पर्श अशा दोन्ही संवेदना घेणारे रोम असतात. त्यांचे संदेश घ्राणखंडात न जाता पायांच्या आणि तोंडाच्या हालचाली चालवणाऱ्या चेतागुच्छांकडे जातात. पायाच्या टोकाला अन्न लागले की ते लगेच तोंडाकडे ओढले जाते, ते या रस्त्यामुळे. दुरून माग काढण्याचे आणि ओळखण्याचे काम लघुशृंगिका करते. जवळ आल्यावर पकडून खाण्याचे काम हा दुसरा मार्ग करतो. ओढ्यावरच्या आमिषाकडे येणाऱ्या खेकड्यात दोन्ही मार्ग एकामागून एक कामाला लागतात.

अन्नाइतकेच महत्त्वाचे वास परस्परांचे. कार्सिनस मेनास या किनारी खेकड्याची मादी कात टाकण्याच्या काळात मूत्रातून यूरिडीन डायफॉस्फेट सोडते आणि त्याने नर आकर्षित होतात, हे यॉर्ग हार्डेगे यांच्या गटाने दाखवले. अमेरिकन लॉबस्टरचे नर पूर्वी ज्याच्याकडून हरले त्या प्रतिस्पर्ध्याला मूत्राच्या वासावरून ओळखतात. क्रिस्टा कारावानिच आणि येल्ले अटेमा यांनी १९९८ मध्ये हे प्रसिद्ध केले. वासाच्या रस्त्याशी स्मृतीचे केंद्र का जोडलेले असावे, याचे उत्तर अशा वर्तनात मिळते.

हा मेंदू आयुष्यभर बांधला जात राहतो. प्रत्येक वेळी कात टाकताना लघुशृंगिकेच्या टोकाकडचे जुने घ्राणरोम गळतात आणि बुडाशी नवे उगवतात, त्यांच्याबरोबर नव्या घ्राणपेशी येतात. घ्राणखंडातही प्रौढ वयात नव्या स्थानिक आणि प्रक्षेपक पेशी जन्मतात. खेकड्याच्या मेंदूत हे १९९०च्या दशकात प्रथम दाखवले गेले. बार्बरा बेल्ट्झ यांच्या गटाने २०१४ मध्ये क्रेफिशच्या रक्तातील रोगप्रतिकारक पेशींपासून नव्या चेतापेशी तयार होऊ शकतात असा दावा मांडला, आणि त्यावर संशोधकांत चर्चा चालू आहे. बदलत्या नाकाशी मेंदूने जुळवून घेत राहावे लागते, हे मात्र निर्विवाद.

पाण्यातून जमिनीवर आलेल्या वंशांत हाच आराखडा वेगवेगळ्या वाटांनी गेला. नारळ खेकडा आणि त्याचे शंखवासी आप्त यांचे घ्राणखंड फार मोठे आहेत आणि ते हवेतला वास टिपतात. बिल हॅन्सन आणि मार्कस स्टेन्समायर यांच्या गटाने २००५ मध्ये नारळ खेकड्यात हे सिद्ध केले. उलट, जमिनीवर राहू लागलेल्या खऱ्या खेकड्यांत लघुशृंगिका आणि घ्राणखंड लहान झाले. दख्खनचा खेकडा पावसाळ्यात रात्री बांधावर फिरतो, पण त्याचे नाक अजूनही पाण्याचेच आहे.

म्हणून या तंत्राला पाण्याची रसायने फार लवकर बाधतात. फळबागांवर मारल्या जाणाऱ्या मोरचुदातील तांबे, तणनाशके आणि कारखान्यांचे सांडपाणी हे घटक घ्राणपेशींना थेट स्पर्श करतात, कारण घ्राणरोमाची भिंत पातळ असते. कॅम्बारस बार्टोनी या क्रेफिशवरील प्रयोगात प्राणघातक नसलेल्या तांब्याच्या प्रमाणातही अन्नाला मिळणारा प्रतिसाद मंदावला. मेटोलाक्लोर या तणनाशकानेही क्रेफिशची वासावरून अन्न शोधण्याची क्षमता कमी झाल्याची नोंद आहे. असा प्राणी मेलेला नसतो. तो फक्त उपाशी राहतो, त्याला शत्रूची चाहूल लागत नाही आणि तो जोडीदार गमावतो. पाण्याची प्रत ठरवताना किती खेकडे मेले एवढे मोजणे अपुरे ठरते. लघुशृंगिका झटकली जाते का, आमिषाकडे खेकडा किती वेळात येतो, नर मादीच्या वासाला प्रतिसाद देतो का, या मोजमापांनी हानी मृत्यूच्या कितीतरी आधी ओळखता येते. घोडच्या खोऱ्यात असे निरीक्षण महागड्या उपकरणांशिवाय करता येण्यासारखे आहे. रेणूपासून नेत्रवृंतातील पिंडापर्यंत आणि तिथून पायांच्या हालचालीपर्यंतची साखळी एकदा नीट समजली, की प्रत्येक मोजमापाचा अर्थही स्पष्ट होतो.